सोपे असते तेव्हा आपण का चुकतो?

परीक्षा संपली की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पेपर सोपा होता, तरी मुलांनी मार्क घालवले." गोल्फ खेळणारी मंडळीही नेमकी हीच तक्रार करीत असतात. अवघड मैदानावर आपला खेळ चांगला होतो आणि सोप्या मैदानावर गेलो की बिघडतो, असे त्यांचे म्हणणे असते. खेळ वेगळा, माणसे वेगळी, पण कोडे एकच. काम सोपे झाले तर निकाल सुधारायला हवा, मग तो कधीकधी बिघडतो कसा?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही उत्तरे गणिताची आहेत, काही मनाच्या व्यापाराची. ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो, म्हणून या लेखात आपण ती एकेक करून वेगळी काढू. त्यासाठी गोल्फच्या मैदानाबरोबर पालघर–बोईसर–तारापूर या पट्ट्यातील उदाहरणेही घेऊ. वीस-पंचवीस किलोमीटरच्या या टापूत शाळा आहेत, क्रिकेटची मैदाने आहेत, पश्चिम रेल्वेचा गजबजलेला मार्ग आहे, अणुवीज केंद्र आहे आणि मोठी औद्योगिक वसाहतही आहे. सोप्या कामातली चूक कुठे नुसती चुटपूट लावून जाते आणि कुठे महागात पडते, हे पाहायला याहून सोयीचा परिसर मिळणे कठीण.

थोडेसे गोल्फविषयी

मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात गोल्फची जुनी मैदाने आहेत, पण आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ दूरचित्रवाणीवरच पाहिलेला असतो. एका फेरीत अठरा होल, म्हणजे चेंडू घालवायची अठरा भोके असतात. कमीत कमी टोल्यांत चेंडू भोकात घालवायचा. म्हणजे येथे गुणसंख्या जितकी कमी तितका खेळ चांगला. निष्णात खेळाडूला एखाद्या होलसाठी जितके टोले लागावेत अशी अपेक्षा असते त्या संख्येला 'पार' म्हणतात. पार साधारणपणे तीन, चार किंवा पाच असतो आणि अठरा होलांचा मिळून बहुधा ७२ च्या आसपास येतो.

मैदान सोपे की अवघड हे गोल्फमध्ये नुसत्या अंदाजाने ठरवीत नाहीत. प्रत्येक मैदानाला दोन आकडे देतात. पहिला आकडा निष्णात खेळाडूला तेथे किती टोले लागतील हे सांगतो. दुसऱ्याला 'स्लोप' म्हणतात. निष्णाताच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाईल, हे त्यावरून कळते. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा आकडा प्रमाण मानला जातो. दोन आकडे का लागतात याचा विचार केला, तर आपल्या कोड्याची पहिली गाठ सुटते. सोपेपणा हा मैदानाचा एकट्याचा गुण नाही. तो खेळणारा कोण आहे यावरही अवलंबून असतो. लांबलचक, पण मोकळे मैदान निष्णाताला सोपे जाते, आणि ज्याचा टोला लांब जात नाही त्याची तेथे दमछाक होते. प्रश्नपत्रिका "सोपी होती" असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाला सोपी होती, हे विचारायला हवे. बहुतेक वेळा ती आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, सोपी वाटलेली असते.

पहिले उत्तर : मोजपट्टी बदलते

कमी-अधिक कुवतीच्या खेळाडूंना एकत्र खेळता यावे म्हणून गोल्फमध्ये 'हँडिकॅप' देतात. खेळाडूच्या एकूण टोल्यांतून तितके टोले वजा करून निव्वळ गुण काढतात. ही सूट मैदानानुसार बदलते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या निर्देशांकाला स्लोपने गुणून ११३ ने भागतात. निष्णातासाठीचा आकडा आणि पार यांत फरक असेल तर तोही त्यात मिळवतात. आपण हिशेब सोपा राहावा म्हणून हे दोन्ही सारखेच धरू.

समजा, एका खेळाडूचा निर्देशांक १८ आहे. अवघड मैदानाचा स्लोप १३५ आहे. १८ × १३५ ÷ ११३ = २१.५, म्हणजे त्याला २२ टोल्यांची सूट मिळेल. सोप्या मैदानाचा स्लोप १०५ आहे. तेथे १८ × १०५ ÷ ११३ = १६.७, म्हणजे सूट १७ टोल्यांची. आता हा खेळाडू अवघड मैदानावर ९२ टोल्यांत आणि सोप्यावर ९० टोल्यांत फेरी पुरी करतो. त्याचे निव्वळ गुण अनुक्रमे ७० आणि ७३ होतील. प्रत्यक्षात दोन टोले कमी लागले, तरी कागदावर तो तीन टोल्यांनी मागे पडला. खेळ बिघडलेला नाही, अपेक्षा मात्र वाढली आहे.

शाळेत हीच गोष्ट क्रमांकाच्या रूपाने दिसते. अवघड पेपरात वर्गाचे गुण ३० ते ९० असे पसरलेले असतात आणि एका चिन्हाच्या चुकीने फारसे बिघडत नाही. सोप्या पेपरात निम्मा वर्ग ९० च्या पुढे असतो. तेथे तीच एक चूक विद्यार्थ्याला दहा क्रमांक खाली ढकलते. "सोप्या पेपरात माझा नंबर गेला" ही तक्रार खरी असते, पण म्हणून मुलाचा अभ्यास कमी झाला असे होत नाही.

दुसरे उत्तर : योगायोगाचा वाटा

खेळात आणि परीक्षेतही कुवतीबरोबर योगायोगाचा काही वाटा असतोच. तो किती असतो हे फाशांनी चांगले समजते. हा प्रयोग वर्गात करून पाहावा.

प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फासे टाकून बेरीज करावी आणि तिच्यात २ मिळवावेत. हे त्याचे 'अवघड मैदानावरचे' टोले. नंतर पुन्हा दोन फासे टाकावेत व नुसती बेरीज लिहावी. हे 'सोप्या मैदानावरचे' टोले. गोल्फप्रमाणे येथेही कमी आकडा चांगला. सोपे मैदान सरासरीने २ टोल्यांनी सोपे आहे, हे आपण स्वतःच ठरवलेले आहे. तरीही काही विद्यार्थ्यांना सोप्या मैदानावर जास्त टोले लागलेले दिसतील. किती जणांना? चार फाशांच्या एकूण १२९६ शक्यतांपैकी ३१० मध्ये असे घडते, म्हणजे जवळजवळ चारांत एकदा. वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांना ही ३१० ची मोजणी स्वतः करायला द्यावी. चांगला सराव होईल.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दाखवता येते. ज्यांना अवघड मैदानावर ४, ५ किंवा ६ टोले लागले, म्हणजे ज्यांची फेरी उत्तम झाली, तेवढीच मुले निवडावीत. चाळीसच्या वर्गात ती सहा-सात निघतील. त्यांच्या दुसऱ्या फेरीची सरासरी काढली तर ती ७ च्या जवळपास येईल. सोप्या मैदानावर जाऊनही या साऱ्या 'उत्तम खेळाडूंचा' खेळ सरासरीने घसरला! ही मुले आळशी झाली नाहीत, त्यांच्या डोक्यात हवाही गेली नाही. पहिल्या फेरीत त्यांना लाभलेला योगायोग दुसऱ्या फेरीत लाभला नाही, एवढेच. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीची तुलना करताना ही घटना मांडली. तिला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. अवघड मैदानावरच्या झकास फेरीची आठवण घेऊन जो खेळाडू सोप्या मैदानावर येतो, त्याची निराशा बव्हंशी येथूनच येते.

पालघरच्या मुलांना या मुद्द्याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. शार्दूल ठाकूर हा पालघरचा. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत भारताचे ६ गडी १८६ धावांत बाद झाले असताना तो खेळायला आला, त्याने ६७ धावा केल्या आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर संघ अडचणीत असताना त्याने ५७ आणि ६० धावा काढल्या. हे दोन्ही सामने भारताने जिंकले. "शार्दूल अवघड वेळीच खेळतो" असे त्यावरून म्हटले जाऊ लागले. ते खरे असेलही, पण विज्ञानाची सवय असलेल्याने येथे थांबून विचार करावा. आठव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाच्या वाट्याला डाव थोडे येतात. संघ अडचणीत असताना केलेल्या धावा लोकांच्या लक्षात राहतात, संघाच्या ४०० धावा झालेल्या असताना तो लवकर बाद झाला तर ते कोणाला आठवत नाही. सगळे डाव घेऊन 'अडचणीचे' आणि 'सोयीचे' असे दोन गट पाडावेत व दोन्हींच्या सरासऱ्या काढाव्यात. मगच बोलावे. क्रिकेटवेड्या विद्यार्थ्यांसाठी हा एक छान प्रकल्प आहे.

तिसरे उत्तर : नाव बदलले की खेळ बदलतो

मोजपट्टी आणि योगायोग यांचा हिशेब चुकता केल्यावर काही शिल्लक राहते का? राहते, आणि ते गोल्फमध्येच मोजले गेले आहे.

डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अमेरिकन संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे पंचवीस लाखांहून अधिक शेवटचे हलके टोले तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भोकापासून चेंडूचे अंतर तेच असताना, तो टोला पार राखण्यासाठी असेल तर खेळाडू जास्त वेळा यशस्वी होतात, आणि पारपेक्षा एक टोला वाचवण्यासाठी असेल तर थोडे कमी वेळा. फरक शेकडा दोनच्या आसपास होता. चेंडू तोच, हिरवळ तीच, हातही तोच. पहिल्या वेळी चुकले तर 'नुकसान' होणार होते, दुसऱ्या वेळी केवळ 'फायदा' हुकणार होता. नुकसान टाळताना माणूस जास्त मन लावतो.

याहून बोलके उदाहरण मैदानांनीच पुरवले आहे. अमेरिकेतील पेबल बीच मैदानाचा दुसरा होल १९९२ च्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत पाच पारचा होता. २००० च्या स्पर्धेत तोच होल चार पारचा ठरवण्यात आला. ओकमाँट मैदानाच्या नवव्या होलचे १९९४ आणि २००७ या स्पर्धांच्या दरम्यान असेच झाले. 'पाचांत पुरा करा' म्हटल्यावर जो होल सोपा होता, तोच 'चारांत पुरा करा' म्हटल्यावर अवघड झाला. रायन एल्मोर आणि अँड्र्यू उर्बाचेव्स्की यांनी दोन्ही काळांतले गुण तपासले, तेव्हा होलला 'अवघड' ठरवल्यानंतर खेळाडूंना कमी टोले लागल्याचे त्यांना आढळले. मधल्या वर्षांत काठ्या आणि चेंडूही सुधारले होते, त्यामुळे एवढ्या एका पुराव्यावर विसंबून चालणार नाही. पण वरच्या पंचवीस लाख टोल्यांचा पुरावाही त्याच दिशेने जातो, म्हणून त्याला वजन येते.

लक्ष किती द्यायचे?

काम समोर आले की आपले मन त्याला किती लक्ष पुरेल याचा अंदाज बांधते आणि तेवढेच लक्ष देते. ही काटकसर एरवी उपयोगी असते. चालताना प्रत्येक पावलाचा विचार करावा लागला असता तर आपण बाजारापर्यंत पोहोचलो नसतो. पण अंदाज कमी पडला की चूक होते, आणि तो कमी पडण्याचा धोका सोप्या कामातच जास्त असतो. अवघड काम स्वतःच सारखी आठवण देत राहते : येथे अडलो, तेथे चुकलो. सोपे काम अशी आठवण देत नाही.

या विषयावरचा एक जुना प्रयोग रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केला. दोन डब्यांपैकी उजळ कोणता हे उंदरांना ओळखायचे होते. चुकले तर विजेचा हलका झटका बसे. दोन डब्यांतला फरक ठळक असताना झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक सूक्ष्म असताना मात्र मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला, जास्त झटक्याने शिकणे मंदावले. पुढे पाठ्यपुस्तकांनी या प्रयोगावरून जी सुबक वक्ररेषा काढली, तेवढी नीटस मूळ आकडेवारी नव्हती. तरीही त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सोप्या कामाला मनाची जास्त सज्जता चालते, किंबहुना हवी असते. आणि प्रत्यक्षात होते उलटेच. काम सोपे दिसले की आपली सज्जता उतरते.

दुसरा प्रयोग दुसऱ्या महायुद्धातून आला. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या सैनिकांकडून खुणा निसटत होत्या. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जाई, आणि क्वचित एखादे वेळी एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची. याहून सोपे काम कोणते? पण पहिल्या अर्ध्या तासातच उडी ओळखण्याचे प्रमाण घसरू लागले आणि पुढेही घसरत राहिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने हे दाखवले, की एकसुरी काम बळ न लागताही माणसाला थकवते.

तिसरा प्रयोग २००५ चा. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानतळावरच्या सामान-तपासणीसारखे चित्र तयार केले. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती शंभरांत सात वेळा निसटली. शंभरांतल्या एकाच चित्रात असताना ती शंभरांत तीस वेळा निसटली. डोळे तेच होते. पण "बहुधा नसेलच" ही अपेक्षा डोळ्यांना लवकर पुढे ढकलीत होती.

रूळ, अणुवीज आणि कारखाना

आता आपल्या परिसराकडे वळू. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी स्थानके असलेल्या या मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या तर धावतातच, पण २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकलही येऊ लागली. लांब पल्ल्याच्या गाडीच्या चालकाला वाटेत बहुतेक सिग्नल हिरवेच मिळतात. वुल्फ यांच्या प्रयोगाची भाषा वापरली तर लाल सिग्नल ही 'शंभरांत एकदा' दिसणारी वस्तू. ती निसटली तर काय होईल हे सांगायला नको.

म्हणून रेल्वेने चालकाच्या चांगल्या हेतूवर सारे सोडलेले नाही. इंजिनातला चालक आणि त्याचा सहायक येणारा प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. हिरवा असला तरीही सांगतात. पाहणाऱ्याला हे पोरकट वाटेल. पण नुसते पाहण्यात जे काम मनाला सोपे झाले होते, ते हात आणि तोंड वापरायला लावून मुद्दाम थोडे जड केलेले असते. जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने बोलण्याची अशीच पद्धत आहे. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात या पद्धतीमुळे चुका सुमारे एक षष्ठांशावर आल्या. शिवाय अनेक विद्युत इंजिनांत दक्षता-यंत्र बसवलेले असते. सुमारे एक मिनिट चालकाने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि त्यालाही दाद मिळाली नाही तर ब्रेक लागतो.

तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. ५४० मेगावॅटच्या पुढच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. अशा केंद्राच्या नियंत्रण कक्षात काय चालते? बहुतेक पाळ्यांत काहीच विशेष घडत नाही, आणि घडू नये म्हणूनच सारी रचना असते. तापमान, दाब, पाण्याची पातळी यांचे काटे आपापल्या जागी असतात आणि माणसाने ते पाहत राहायचे असते. मॅकवर्थ यांच्या घड्याळाचीच ही मोठी आवृत्ती. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये स्वयंचलित यंत्रणांमधली ही विसंगती नेमकी मांडली. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि माणसाला दोनच कामे उरतात : काही घडत नसताना लक्ष ठेवणे, जे माणसाला नीट जमत नाही, आणि अचानक काही घडले तर सावरणे, ज्याचा सराव त्याला राहिलेला नसतो. म्हणूनच अणुवीज केंद्रांच्या चालकांना प्रतिकृती-कक्षात मुद्दाम बिघाड घडवून सराव देतात. सोप्या कामावरच्या माणसाला अधूनमधून अवघड काम देणे, हाच त्यावरचा उपाय.

बोईसरजवळच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने पुष्कळ आहेत. अशा कारखान्यांत तासातासाला काट्यांचे आकडे वहीत उतरवण्याची पद्धत असते. आकडा रोज तोच येत असेल तर न पाहताच तो लिहिण्याचा मोह होतो. वहीत सारे ठीक दिसते, पण पाहणे थांबलेले असते. पाळीवरून घरी येणारे आईवडील आपल्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी आहेत. त्यांना विचारले तर सोप्या कामात लक्ष टिकवण्याच्या त्यांच्या स्वतःच्या युक्त्या ते सांगतील. मुलांनी त्या जरूर गोळा करून आणाव्यात.

वर्गात काय करता येईल?

प्रथम एक छोटे गणित फळ्यावर लिहावे. वही आणि पेन्सिल मिळून ६० रुपये होतात. वही पेन्सिलीपेक्षा ५० रुपयांनी महाग आहे. पेन्सिलीची किंमत किती? बरीच मुले झटकन "१०" म्हणतील. ताळा केला तर वही ६० ची आणि बेरीज ७० होते. खरे उत्तर ५ आहे. याच मुलांना x आणि y वापरून समीकरणे मांडायला सांगितली तर ती बहुधा चुकणार नाहीत. चूक बीजगणितातली नाही. "हे तर सोपे आहे" या निर्णयातली आहे.

मग वुल्फ यांच्या प्रयोगाची घरगुती आवृत्ती करावी. प्रत्येकी ४०० अंक असलेले दोन कागद तयार करावेत. पहिल्या कागदावर ८० वेळा ७ हा अंक असावा, दुसऱ्यावर फक्त ४ वेळा. किती आहेत ते सांगू नये. दोन मिनिटांत सगळे ७ खोडायचे. निम्म्या वर्गाने पहिला कागद आधी घ्यावा, निम्म्याने दुसरा, म्हणजे थकव्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. चाळीस विद्यार्थी असतील तर पहिल्या कागदाच्या ३२०० संधी आणि दुसऱ्याच्या १६० संधी होतात. निसटलेल्या अंकांची टक्केवारी काढावी. दुसऱ्या कागदावर ती जास्त येते का? न आल्यास तेही प्रामाणिकपणे लिहावे आणि कारण शोधावे. दोन मिनिटांचा काळ मॅकवर्थ यांच्या अर्ध्या तासापुढे फारच थोडा आहे, हे एक कारण असू शकेल.

सरावाच्या गणितांबाबतही विचार करण्याजोगे आहे. एकाच प्रकारची दहा गणिते ओळीने दिली की मुले ती सोडवतात आणि आपण समाधानी होतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये अशा सरावाची तुलना मिसळलेल्या सरावाशी केली. सराव करताना एकाच प्रकारची गणिते सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळलेली सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्र पालटले. पहिल्या गटाची २० टक्के उत्तरे बरोबर होती, दुसऱ्याची ६३ टक्के. सोप्या सरावात मूल रीत वापरायला शिकते, पण कोणती रीत कोठे वापरायची हे ठरवायची वेळच त्याच्यावर येत नाही.

याचा अर्थ सारे अवघड करून टाकावे असा मात्र नव्हे. वाचायला त्रास होईल अशा पुसट अक्षरांत प्रश्न छापले तर मुले जास्त विचार करतात, असा एक निष्कर्ष २००७ मध्ये गाजला होता. पुढे तोच प्रयोग हजारो जणांवर पुन्हा झाला तेव्हा हा परिणाम टिकला नाही. नुसता त्रास वाढवून लक्ष वाढत नाही. लक्ष नेमके जेथे हवे तेथे ते बोलावणारी एखादी कृती हवी, चालकाने सिग्नल मोठ्याने सांगण्यासारखी.

शाळेत अशा कृती साध्याच असतील. काय काढायला सांगितले आहे त्या शब्दाखाली रेघ मारूनच गणित सुरू करावे. उत्तर लिहिल्यावर एकक स्वतःशी म्हणावे. शेवटच्या पाच मिनिटांत अडलेल्या प्रश्नाशी झुंजण्याऐवजी सर्वांत सोपे वाटलेले प्रश्न तपासावेत, कारण तेथे गमावलेले गुण हमखास परत मिळतात. या कृतीही काही दिवसांनी यंत्रवत होतात, म्हणून त्या मधूनमधून बदलाव्यात. आणि आपण शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. परीक्षेच्या आधी "पेपर सोपा आहे, घाबरू नका" असे सांगण्याऐवजी "तुम्हाला येणारेच विचारले आहे, पण नीट वाचा" असे म्हणावे. पार पाचाऐवजी चार केल्यावर निष्णात खेळाडूंचेही टोले कमी झाले, हे आपण वर पाहिलेच.

पुढच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना चुकांचे दोन रकाने करून पाहावेत : 'येत नव्हते म्हणून चुकले' आणि 'येत असून चुकले'. दुसरा रकाना किती मोठा निघतो ते मुलांनाच मोजू द्यावे. त्यांच्यातली काही पुढे रेल्वेच्या इंजिनात, नियंत्रण कक्षात किंवा एखाद्या कारखान्याच्या रात्रपाळीत उभी असतील. तेथे चुकीसाठी दुसरा रकानाच असेल, पण गुण कापून भागणार नाही.